भरल्या जीपचं गणित

दोन धावत्या गाड्यांमधली हवा मला दिसते, असं म्हटलं की घरचे हसतात. हसू देत. पुढच्या गाडीतून निघालेली रेडिओलहर थोडी सरळ मागे येते, थोडी डांबरावरून उसळून, थोडी ट्रकच्या पत्र्यावर आपटून. सगळ्या एकत्र पोचल्या की कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना पार पुसून टाकतात. पुढच्या गाडीने ब्रेक मारला हे मागच्या गाडीला आपोआप कळावं, म्हणून या लहरींचं गणित मांडायचं, हे माझं पीएचडीचं काम.

गणित कागदावर झालं होतं. ते खरं ठरतं का, हे मोजायला मी शेलूबाजार ते कारंजा रस्ता निवडला, कारण बाबांची काळी-पिवळी जीप त्याच रस्त्यावर चालते. यंत्रं दुसऱ्याच दिवशी कॉलेजला परत द्यायची होती. हाती ती एकच सकाळ. पुढे बाबा, त्यांच्या समोरच्या काचेपाशी लहरी सोडणारं यंत्र. मागे त्यांच्या मित्राची, म्हणजे काकांची जीप, तिच्यात मी आणि मांडीवर लॅपटॉप. दोघांनाही बजावलं होतं, गाड्या रिकाम्याच हव्यात.

दोन्हीकडे तुरी फुललेल्या. पोचलेल्या लहरीचं बळ दाखवणारी पडद्यावरची रेघ झोपलेल्या बाळाच्या पोटासारखी संथ वर-खाली होत होती. मी तिच्यात इतकी बुडाले की गाडी मधे दोन-तीनदा थांबली, तेव्हा शेळ्या आडव्या आल्या असतील असंच वाटलं. मग रेघ खचायला लागली. ना झाड, ना ट्रक. वर पाहिलं तर बाबांच्या जीपला मागे दोघं लोंबकळत होते, आणि आत नुसती डोकीच डोकी.

"काका, तुमी सांगतलं काहून नाही?"

"त्यात काय सांगाचं? फाट्यावर लोक उभे होते."

गाड्या थांबवून मी बाबांकडे गेले. ते ओशाळले. "हात दाखोला त्यायनं. हात दिसला का पाय ब्रेकवरच जाते माह्या."

माझं डोकं फिरलं होतं. सगळ्यांदेखत म्हणाले, उतरवा यांना. बाबांनी दार उघडलं. "लेकीचा अभ्यास हाय," एवढंच ते लोकांना म्हणाले. कोणी हुज्जत घातली नाही. बोचकी घेऊन सगळे खाली उतरले.

पुन्हा निघालो आणि रेघ उठली, थेट माझ्या गणिताच्या रेघेवर जाऊन बसली. चार वर्षं मी तिचीच वाट पाहिली होती. मला फार आनंद झाला, तो साधारण अर्धा किलोमीटर टिकला. मग आरशात ती माणसं दिसली. तिथे फाटा नव्हता, सावली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

"काका, मांगं घ्या गाडी."

बाबांनाही फोन केला. लोक दोन्ही जीपमध्ये दाटीवाटीने बसले, यंत्रं चालूच ठेवली. या रस्त्यावर रिकामी जीप असतेच कुठे? भरल्या जीपचं गणित नव्याने मांडायला लागणार होतं, लागू दे.

माझ्या शेजारी एक आजी बसली. खाली गेलेल्या रेघेकडे ती बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "माह्यानं बिघडते का वं तुह्यं?"

माणसाच्या अंगात पाणी असतं, ते लहर पिऊन टाकतं. तरी मी म्हणाले, "नाही आजी."

तिला ते पटलं नसावं. कारंजा येईस्तोवर ती अंग चोरून, हात छातीशी घेऊन, हलकेच श्वास घेत बसली, माझी लहर तिच्या अंगाला न अडता जावी म्हणून.