बंद केलं की विसरणारा ब्राउझर

लग्न होऊन मी शहरातल्या निजामपुऱ्यातून वळ गावी आले, तेव्हा सासरी पुढच्या खोलीत एक नवाकोरा कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर. शेतावर गोदाम उभं राहून भाडं येऊ लागल्यानंतर घरात ज्या वस्तू आल्या, त्यातली ही एक. वापरता कुणालाच येत नव्हता. मी माहेरी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचे; खाली कापडाच्या लूमचा खडखडाट आणि वर आम्ही ओरडून ओरडून माउस धरायला शिकवायचो. त्यामुळे कव्हर काढायचा मान नव्या सुनेला मिळाला. बघता बघता सगळ्या घराला इंटरनेटची चटक लागली. दीर क्रिकेट बघायचे, सासरे बातम्या.

एका संध्याकाळी दिरांनी पत्ता टाइप करायला एकच अक्षर दाबलं आणि खाली आधी कुणी काय काय उघडलं होतं ते सगळं भराभर दिसलं. त्यात केस काळे करायच्या तेलांची पानंच्या पानं.

"बाबा, हे तुम्ही बघत होता?"

सासऱ्यांनी डोक्यावरून हात फिरवला. घरभर हसू उसळलं, ते स्वतःही हसले. हसल्या नाहीत त्या फक्त माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना आई म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारलं, "त्यो कॉम्प्युटर समदं ध्यानात ठेवतो?"

"हो आई."

"मंग नको."

"काय नको?"

त्यांनी सूप पुढे ओढलं. पण मी आल्यापासून बघत होते, आई हंडा उचलायचं टाळायच्या. उठताना भिंत धरायच्या, आणि कुणी पाहिलं की लगेच सरळ उभ्या राहायच्या. काहीतरी विचारायचं आहे आणि ते घरात कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

पुढच्या वेळी माहेरी गेले तेव्हा क्लासमधल्या मैत्रिणीला सहज हे सांगितलं. ती टुणकन उठलीच. "अगं, नवा ब्राउझर आलाय! बंद केला की सगळं पुसून टाकतो. हवा तसा बदलतासुद्धा येतो." मासिकाबरोबर आलेली सीडी तिने माझ्या पर्समध्ये कोंबली.

सासरी परत आल्या आल्या मी ती सीडी घालून तो ब्राउझर बसवला. क्लासमध्ये आम्ही जे होतं तेच शिकवायचो. बटणं जिथे असतील तिथे असायची. इथे बटणं उचलून हवी तिथे ठेवता येत होती. नको ती पट्टी काढून टाकता येत होती. अक्षरं मोठी, रंग निराळा. मी एका दुपारी त्याला चार रूपं दिली आणि एकटीच हसत बसले. मग सेटिंगमध्ये ती ओळ सापडली: बंद करताना खाजगी माहिती पुसून टाका. मी खूण केली आणि आईंना हाक मारली.

"हे कोनाचं हाय?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"कुणा एकाचं नाही. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलंय आणि फुकट दिलंय. आत काय लिहिलंय तेही कुणालाही उघडून बघता येतं."

"फुकट? आनि लपवलेलं कायच न्हाय?" आई स्टूल ओढून बसल्या. "मना करून दाखव."

मी बोंबलाची पाककृती शोधली. पान उघडलं, आम्ही दोघींनी फोटो पाहिला, मी ब्राउझर बंद केला. पुन्हा उघडला. पहिलं अक्षर दाबलं. खाली काहीच आलं नाही. आईंनी स्वतः बोट पुढे करून तेच अक्षर पुन्हा दाबलं. पांढरी पट्टी तशीच कोरी.

"इसरला!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की बाहेर कोंबड्या फडफडल्या.

मी खरं ते सांगितलं. टेलिफोनवाल्यांना कळायचं ते कळत असेल, पण या घरात कुणाला दिसणार नाही. "घरातलंच भ्याव हाय," आई म्हणाल्या. त्यांनी उठून दाराला कडी घातली आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "माजं अंग भायेर येतं. धाकट्याच्या बालंतपनापासून."

धाकटा म्हणजे माझे दीर; ते तेव्हा नोकरीला लागले होते. एवढी वर्षं ही बाई पाणी भरत होती, भात लावत होती, आणि कुणालाही बोलली नव्हती. मी टाइप करू लागले. पानं इंग्रजीत होती. मी वाचायचे आणि आपल्या शब्दांत सांगायचे. गर्भाशय खाली उतरतं, हे पुष्कळ बायकांना होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. व्यायाम आहेत, आधाराची रिंग बसवतात, गरज पडली तर ऑपरेशन होतं.

"पुष्कल बायकांना?"

"पुष्कळ."

"फिरून वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं, असं हसू मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यानंतर आम्ही रोज दुपारी कडी लावून बसायचो. कुठल्या डॉक्टरला काय विचारायचं ते आईंनी तोंडपाठ केलं. मग एका सकाळी चहा देताना त्यांनी सासऱ्यांना सरळ सांगितलं, "मना ठान्याला बाईडाक्टरकडं जायाचं हाय. सून येल संगती." सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "मी येतो की," एवढंच म्हणाले, आणि आले. कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये ट्रकांच्या रांगेत आमची रिक्षा अडकली, तेव्हा आईंनी जे सांगायचं ते त्यांना तिथेच सांगितलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी आल्यावर विश्रांतीत कंटाळून त्यांनी माउस हातात घेतला. मोठी अक्षरं आणि हिरवा रंग त्यांनीच निवडला. दिरांनी कुरकुर केली, कुणी ऐकलं नाही.

त्या बऱ्या झाल्यावर एके दुपारी त्यांची कशेळीची जाऊ आली. लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत दारातच उभी राहिली. आईंनी तिला स्टुलावर बसवलं, ब्राउझर उघडून दिला.

"बोल हिच्याशी," माझ्याकडे बोट करून त्या जावेला म्हणाल्या. "कुनाला न्हाय कलनार."

"तू बस की इथं," जाऊ म्हणाली.

"मी कसाला? तुजं हाय ते तुजं." आणि आई बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं, आणि अंगणात जाऊन बसल्या.