फुलवाल्याच्या बायकोचा फोटो

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी फार्मासिस्ट आहे, ऑकलंडमध्ये ओटाहुहुच्या एका दुकानात. "ही गोळी जेवणानंतर" असं दिवसभर सांगणारा सरळ माणूस. हे लिहितानाही कान गरम होताहेत...

२००७ सालची गोष्ट. पुण्याला जाताना मी आणि बायको वैशाली बँकॉकला उतरलो. दोघांचीही पहिलीच खेप. गळ्यात नवा डिजिटल कॅमेरा — देवळं, बोटी, टुकटुक रिक्षा, दिसेल त्याचे हीप्स, म्हणजे ढीगभर, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या फुलबाजारात गेलो. झेंडूचे ढीग, मोगऱ्याचे हार...

"अरे, मंडईत आल्यासारखं वाटतंय!" वैशाली हसत म्हणाली.

मी कॅमेरा डोळ्याला लावला, तेवढ्यात हार ओवणारा एक म्हातारा उठला आणि त्याने माझा हात धरला. ओळखीचं हसला. मग तळवा पुढे करून काहीतरी मागू लागला. शेजारच्या गाळ्यावरच्या बाईला इंग्लिश येत होतं.

"फोटो मागतोय," ती म्हणाली. "गेल्या वर्षी याचा आणि याच्या बायकोचा काढलात ना? पाठवतो म्हणालात."

"मी नव्हे हो. मी पहिल्यांदाच आलोय."

तिने त्याला सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. रिकाम्या हातांनी हवेत कॅमेरा धरला, डावा डोळा मिटला आणि जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढलं...

वैशालीचं हसू मावळलं. फोटो काढताना मी नेमकं हेच करतो. त्यावरून ती मला कायम चिडवते.

"बायको गेली त्याची," बाई हळूच म्हणाली. "तिचा दुसरा फोटो नाहीये."

भोवती माणसं जमली होती. कुणीही रागावलं नाही — तेच जास्त लागलं. मी बॅग उघडेन म्हणून सगळे नुसते थांबले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातून आपोआप निघालं, "पाठवतो. नक्की पाठवतो."

बाईने ते त्याला सांगितलं. म्हातारा काहीतरी पुटपुटला, एक हार वैशालीच्या हातात ठेवला आणि खाली बसला.

"काय म्हणाले?" वैशालीने विचारलं.

"म्हणतोय, मागच्या वेळीही हेच म्हणाले होते."

टुकटुकमध्ये वैशालीने हातातला हार मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आला नव्हतास, तर पाठवतो का म्हणालास?"

खरं सांगू? त्या क्षणी मला वाटलं होतं, फोटो मीच काढलाय.

हॉटेलवर अंघोळ करून बाहेर आलो, तर ती पलंगावर बसून माझा पासपोर्ट चाळत होती. दचकली, पण थांबली नाही. मीही थांबवलं नाही. ओल्या केसांनी उभा राहून तिला एकेक पान उलटताना बघत होतो. काय निघेल ते मलाही माहीत नव्हतं.

थायलंडचा शिक्का एकच निघाला. कालचा.

"सॉरी," ती म्हणाली. माझी मान मात्र वर होईना.

ऑकलंडला परतल्यावर सगळ्या सीडी, जुने अल्बम पालथे घातले. त्या दोघांचा फोटो कुठेच नाही. तो कोणी काढला, म्हाताऱ्याने मला कसं ओळखलं — कशाचाच उलगडा आजवर झालेला नाही.

त्यानंतर पुण्याला बऱ्याचदा गेलो. दर वेळी सिंगापूरमार्गे. वैशालीनेही कधी का ते विचारलं नाही.