चौदा नंबरची बरणी

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वैद्यकीय कॉलेजात मेंदू सांभाळतात. देहदानातून आलेले मेंदू औषधाच्या बरण्यांत ठेवायचे, वजन करायचं, विद्यार्थ्यांसाठी काप काढायचे. तीस वर्षं हेच. नोंदवही माझ्याकडे. मेंदू हातात घेतला की भावोजी, बाईचा की पुरुषाचा, तरुण की म्हातारा, ते छातीठोकपणे सांगणार. वय वाढलं की मेंदू आक्रसतो, घड्यांमधल्या खाचा रुंदावतात, हे खरं. पण "बायकांचा लहानच असतो!" हे पालुपद ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आमच्या विभागप्रमुख मॅडम कितीदा म्हणाल्या, "अहो, तो शेकडो माणसांच्या सरासरीतला फरक. एका बरणीवरून काय कळणार?" पालथ्या घड्यावर पाणी!

ताई एकसष्टाव्या वर्षी गेली, झोपेतच. देहदानाचा अर्ज तिने आधीच भरलेला. भावोजी दोन महिने रजेवर होते. परत आले ते थेट बरण्यांच्या खोलीत. बरणीवर फक्त नंबर असतो. नाव-वय माझ्या वहीत, आणि ते कुणालाही सांगायचं नाही असा नियम. नव्या बरण्या दोनच होत्या, नऊ आणि चौदा. त्यांनी लहान मेंदूची, नऊ नंबरची उचलली, आपल्या टेबलावर ठेवली आणि तिच्याशी बोलायला लागले. "आज पोरीचा फोन आला होता गं." दारातून ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. नऊ नंबर होता ब्याऐंशी वर्षांच्या एका आजोबांचा.

एका दुपारी त्यांनी मला जिन्यात गाठलं. डोळे खोल गेलेले, शर्ट अंगावर लोंबत होता.

"एवढंच सांग. तीच आहे ना? दुसऱ्याच कुणाशी बोलत असलो, तर वेड लागेल मला."

नियम गेला खड्ड्यात, खरं काय ते सांगून टाकू, म्हणून मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "हो भावोजी. तीच."

त्या दिवसापासून ते दोन घास नीट खायला लागले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी मॅडमनी वर्गासाठी चौदा नंबर मागवला.

"दुसरा घेऊ या ना," मी म्हटलं.

"का बरं?"

भावोजी शेजारीच उभे होते. काय कारण देणार, कपाळ? मी बरणी काढून दिली.

भावोजींनी मेंदू नळाखाली धुतला, काट्यावर ठेवला. "तेराशे ऐंशी ग्रॅम," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. "खाचा बघा, अजून घट्ट. पुरुष. फार तर पन्नाशीचा." मग त्यांनी लांब सुरी उचलली.

मी भिंतीला धरून उभी होते. थांबा, एवढंच ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर टेबलावरची बरणीही त्यांच्या हातून गेली असती.

सुरी टेकवण्याआधी, नेहमीच्या सवयीने, ते हळूच पुटपुटले, "माफ करा हं, दादा."

माफी मी मागायला हवी होती.