घटापुढं न घेतलेली गोळी

"मेंदूतली नस फुटलीय," डॉक्टर माझ्या मालकांना सांगत होते. मी स्ट्रेचरवर पडून ऐकत होते. देवाशप्पथ सांगते, मरणाची भीती नंतर वाटली. आधी नजर गेली ती मालकांमागं उभ्या असलेल्या धाकट्या जावेवर, सुनंदावर. बीपी दोघींना एकाच दिवशी निघालं होतं. मग मी आडवी आणि ही उभी कशी?

हसू नका बायांनो. जावेवर जळणं काय असतं ते जावेलाच ठाऊक.

माधवनगरात आमची घरं शेजारी, मधे एकच भिंत. नवरात्रात दोघींचे घट वेगळे बसतात आणि दसऱ्याला कुणाचं धान उंच आलं ते सगळी गल्ली बघते. दरसाल तिचंच उंच. मी म्हणायचे, खत घालत असेल गुपचूप.

बीपीची गोळी मी रोज घेत होते. पण गोळीनं उपास मोडतो असं आमच्यात कितीतरी बाया मानतात. मीही मानलं, तरी नवरात्रात गोळी सोडण्याचं खरं कारण वेगळं होतं. सुनंदा सकाळी आठाचा गजर लावून घटापुढंच गोळी गिळायची. म्हटलं, धान तिचं उंच असू दे, उपास तरी माझा कडक. चार बायांच्यात मुद्दाम बोलले, "गोळ्या खाऊन कसला गं उपास?"

"आवं आक्का, गोळी म्हंजे काय जेवान हाय व्हय? घ्या की."

ही मला शिकवणार! घेतली नाही. एक माळ झाली, दोन झाल्या, सहा झाल्या.

सातव्या दिवशी घटावर कारळ्याच्या फुलांची माळ बांधताना दोरा उजव्या हातातून सुटला. परत धरला, परत सुटला. डोक्यात घण घातल्यागत कळ आली, ओकारी झाली, बोलायला गेले तर तोंडातून भलतंच यायला लागलं. मालक म्हणाले, "उपासाचं पित्त हाय. पाणी पाजा."

भिंतीपलीकडनं सुनंदा धावत आली. "भावजी, पाणी देऊ नगा. त्वांड बगा की, वाकडं झालंय. रिक्षा बोलवा आदी!"

सांगलीत हॉस्पिटलला सीटी स्कॅन केला, म्हणजे डोक्याच्या आतले फोटो. हेमरेजिक स्ट्रोक निघाला. झटका दोन तऱ्हेचा असतो. एकात गुठळी होऊन नस तुंबते, दुसऱ्यात नस फुटून रक्त मेंदूत सांडतं. माझा दुसरा.

डॉक्टर विचारत गेले. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? दारू? डोक्याला मार? घरात कुणाला असं झालंय? कुणाकुणाच्या नसेला फुगा असतो, त्याला ॲन्युरिझम म्हणतात, तोही फुटतो. मला यातलं काही नव्हतं.

"तंबाखू?"

"छे छे," मालक म्हणाले.

"मिश्री लावत्यात की, दोन येळा," सुनंदा म्हणाली. "आन बीपीची गोळी सात दिस घेतली न्हाई."

भाजलेल्या तंबाखूनं दात घासणं म्हणजे तंबाखूच, हे मला कुठं माहीत? उठता आलं असतं तर तिचं तोंड दाबलं असतं. डॉक्टर म्हणाले, "वाढलेलं बीपी नसा आतून झिजवत असतं, वरून काही कळत नाही. गोळी एकदम सोडली की ते उसळतं."

उजवा हात परत येईल का, ते मात्र कुणी सांगेना. नुसतं "बघू" म्हणायचे. दोन्ही घरांत पहिला घट बसवायचा मान थोरलीचा, म्हणजे माझा. हात गेला की तोही तिला जाणार, हाच घोर लागला होता. मालकांचा डबा तीच करी. एकदा ते म्हणाले, "सुनंदाची भाकरी लय मऊ." हात हलत नव्हता, पण जीव काय जळायचा राहिला नव्हता.

दसऱ्याला ती आयसीयूत आली. नर्सनं दोन मिनिटं सोडलं. माझ्या घटातलं वीतभर धान तिनं माझ्या उजव्या हातात दिलं. बोटं मिटेनात, तर तिनं तिच्या हातानं मिटून धरली. "आक्का, यंदा तुमचंच उंच आलं बगा."

म्हणजे माझ्या घटाला रोज पाणी तिनं घातलं होतं. मला रडू आलं. आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. उभ्या जन्मात एकदा जिंकले, ते हिच्या हातानं!

मग महिनोन्महिने फिजिओथेरपी, म्हणजे हाताला परत शिकवणं. चेंडू दाबा, वाटाणे उचला. मिश्री सोडली, अजून जीव कासावीस होतो. तुम्हाला बीपी असेल तर उपासाच्या आधी डॉक्टरांना गोळीचं विचारा, मनानं बंद करू नका. माझ्यागत हट्ट करू नका.

यंदा पहिला घट मीच बसवला. माती थोडी सांडली, सांडू दे. माळेची गाठ अजून सुनंदा मारते. आठाचा गजर दोन्ही घरांत वाजतो, मग ती बीपीचं मशीन घेऊन येते.

दसऱ्याला धान कुणाचं उंच ते बघायचं राहूनच गेलं. मशीन बघितलं. यात कमी येईल तिची सरशी. तिचं वरचं एकशेवीस, माझं एकशेअठ्ठावीस. सटवी अजून माझ्या पुढंच. पण मला हरवायला ती जवळ असू दे, एवढंच देवीपुढं मागितलं.