सत्काराला उत्तर

आमच्या वसईत माणूस मेल्याशिवाय त्याच्या नावाचा चषक निघत नाही. गिरीजच्या बाजूला गेलात तर चषकावर 'दिवंगत' लिहिलेलं असतं, आमच्या नायगावकडे 'कै.' असतं, माणूस मात्र दोन्हीकडे मेलेलाच लागतो. शाळेत असल्यापासून मी अशा चषकांसाठी धावलो. ज्यांच्या नावाने धावलो त्यांतल्या एकालाही जिवंतपणी कुणी मैदानावर चहा विचारल्याचं मला आठवत नाही. याचा मला राग आहे, आणि वयाबरोबर तो वाढतोच आहे.

आमचे सर मिठागरावर राबणाऱ्या घरातले. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. कामणजवळच्या एका कारखान्यात पाळीवर मशीन चालवायचे आणि संध्याकाळी खाडीलगतच्या मैदानावर आम्हाला फुटबॉल शिकवायचे, म्हणून अख्खं गाव त्यांना सर म्हणे. मैदान म्हणजे एका जमीनदार घराची पडीक, खारवट जागा. पावसाळा संपला की तिच्यातून दगड वर यायचे. सरांचा नियम असा, की सराव संपल्यावर प्रत्येकाने निदान एक दगड उचलून घरी न्यायचा. वाटेत टाकायचा नाही. वाटेत टाकलेला दगड उद्या कुणीतरी लाथाडत परत मैदानात आणतो, असं त्यांचं म्हणणं. माझी आई धुणं भिजवण्याआधी माझ्या खिशातले दगड काढून तुळशीच्या कुंडीत टाकायची आणि सरांच्या नावाने बोटं मोडायची. पण ते मैदान झालं ते तसंच, आमच्या खिशांतून.

"बॉलकडं काय बघतोस? मानूस बघ," ते ओरडायचे. "बॉल जातो कुठंबी. मानूस कुठं जानार?"

सरांच्या जोडीला आमचे सेक्रेटरी काका. मूळचे रत्नागिरीकडचे, पोस्टात नोकरीला. स्पर्धेची परवानगी, रेफरीची सोय, पहाटे उठून मैदानावर फक्कीच्या रेघा मारणं, हरलेल्या संघाची समजूत काढणं, सगळं काकांकडे. "फुटबॉल बावीस जण खेळतात, निस्तरतो मी एकटा," असं ते दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी तेच करायचे. सर आणि काका दिवसातून एकदा तरी भांडायचे. भांडण झालं नाही तर आम्हाला चुकल्यासारखं वाटायचं.

मी पन्नाशीला पोचलो तेव्हा जमीनदार घरातल्या नव्या पिढीने ती जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं. त्यांना दोष तरी काय द्यायचा? जागा त्यांची होती. आजूबाजूला टॉवर उभे राहिलेच होते. सर तोवर निवृत्त झाले होते, बायको गेली होती, आणि दिवसभर ते फक्त संध्याकाळ व्हायची वाट बघायचे. मला एकदा म्हणाले, "मैदान गेलं तर मी सांजचा जाऊ कुठं, ते सांग."

युक्ती काकांनी काढली. सरांचा जाहीर सत्कार करायचा, त्याला आमच्या भागातल्या पुढाऱ्याला बोलवायचं. ती जागा खेळासाठी राखून ठेवायची तर शब्द त्यांचाच चालणार. आणि रिवाजाप्रमाणे सत्कारमूर्ती सत्काराला उत्तर देतात, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर त्यांच्याकडे मैदान मागायचं. लोकांसमोर नाही म्हणणं पुढाऱ्याला जड जातं. सरांना सत्काराचा तिटकारा. पण ते तयार झाले. "शाल-नारळ काय नको. मला माईक द्या."

स्पर्धेचा अंतिम सामना आणि सत्कार एकाच संध्याकाळी ठेवला. त्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपासूनच आले होते. बोलायची चार वाक्यं ते ओठांतल्या ओठांत घोकत होते. मग स्टेजमागे मोठा बॅनर चढला आणि तो सगळ्यांत आधी सरांनीच वाचला. त्यांच्या नावाच्या मागे 'कै.' होतं.

घडलं होतं इतकंच, की काकांनी नेहमीप्रमाणे फ्लेक्सवाल्याला फोन केला होता: मागच्या वर्षीच्या स्मृती चषकाचंच डिझाइन ठेव, नाव नि फोटो बदल. इतकी वर्षं ते हेच सांगत आले होते. त्या नावाच्या मागे 'कै.' नसेल, असं ना काकांच्या डोक्यात आलं ना फ्लेक्सवाल्याच्या. आमच्याकडे ते अक्षर जणू चषकाचाच भाग आहे. काका पांढरेफटक पडले.

"असू दे सेक्रेटरी," सर म्हणाले. "जित्या मानसाचा कप कोनी खेळलाय का?"

ते हसले. मला हसू आलं नाही. कुणीतरी जुन्या फ्लेक्सचा पांढरा तुकडा कापून आणला, खळ लावून 'कै.'वर चिकटवला, आणि आम्ही पाहुण्यांची वाट बघत बसलो.

पाहुणे आले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांना तो पांढरा तुकडा दिसला. काय झालं ते त्यांनी विचारून घेतलं आणि त्यांना भाषणाला विषयच मिळाला. "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात! आता आमच्या सरांना शंभरीपर्यंत मरण नाही!" मैदान हसलं, टाळ्या पडल्या. मग शाल, नारळ, फोटो. दुसऱ्या कार्यक्रमाला उशीर होतोय, असं सांगून ते हात जोडत स्टेजवरून उतरले. काका त्यांच्या मागे अक्षरशः धावले, "साहेब, सत्काराला उत्तर राहिलंय," असं म्हणत. गाडीचं दार लागलं.

माईक सरांच्या हातात होता. समोर पहिल्या रांगेतला सोफा रिकामा. दोन्ही संघ रेघेवर येऊन उभे, आणि खाडीपलीकडे सूर्य टेकलेला. मैदानाला दिवे कधीच नव्हते. सरांनी सोफ्याकडे पाहिलं, मग खेळाडूंकडे. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला सर, निदान लोकांना तरी ऐकू दे.

"अंधार पडंल," सर माईकवर म्हणाले. "मॅच चालू करा."

एवढंच त्यांचं उत्तर. मी त्या वेळी चिडलो होतो आणि आजही चिडलेलो आहे, पण कुणावर, ते मला नीट सांगता येत नाही. समोर सामना उभा असताना तो थांबवून हा माणूस स्वतःचं मागणं मांडेल, हे त्यांच्या हाताखाली वाढलेल्या आम्हाला खरं वाटलंच कसं?

पुढच्या महिन्यात मैदानाभोवती निळे पत्रे लागले. सर तरीही रोज संध्याकाळी जायचे आणि दोन पत्र्यांच्या फटीतून आत बघत उभे राहायचे. वॉचमन भला होता, त्याने त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. एकदा मी सोबत गेलो. आत जेसीबी खणत होता, आणि खालून टोपल्यांनी दगड वर येत होते. परतताना त्यांना धाप लागली होती, म्हणून आम्ही दोनदा थांबलो.

वर्ष भरायच्या आत सर गेले. शंभरी सोडाच, त्यांना पंचाहत्तरीही लाभली नाही.

दिवसकार्य झाल्यावर काकांनी मला घरी बोलावलं. तो बॅनर त्यांनी पश्चिमेच्या गॅलरीत उन्हाला आडोसा म्हणून बांधला होता, आमच्याकडे सगळेच बांधतात तसा. काका म्हणाले, "स्मृती चषक करायला हवा रे. बॅनर आहेच. तो तुकडा काढला की झालं."

मला संताप आला. म्हटलं, काका, काही लाज? त्यांनी मान खाली घातली. "एवढंच येतं रे मला," ते म्हणाले. "दुसरं काय करू त्याच्यासाठी?" मग मीच कोमट पाण्याचं फडकं घेतलं, आणि आम्ही दोघांनी मिळून तो तुकडा भिजवून सोडवला.

वर्षभराच्या उन्हाने सगळा बॅनर विटला होता. सरांचा फोटो निळसर, चेहरा ओळखू न येण्यासारखा. तुकड्याखालचं 'कै.' तेवढं लालभडक राहिलं होतं, काल छापल्यासारखं.

काकांनी बॅनरची घडी घातली, चारही टोकं नीट जुळवून. दोऱ्या शोधून वर ठेवल्या. आणि मग सवयीने विचारलं, "मग, बांधायचा कुठं?"

गॅलरीतून पत्र्यांच्या आतला टॉवर दिसत होता. चौथ्या मजल्याचा स्लॅब भरून झाला होता. काकांनीही तिकडे पाहिलं, आणि बॅनर मांडीवर घेऊन ते तसेच बसून राहिले.