कासिम भिश्तीची विहीर

हे मी बायकोजवळ बोललो नाही, पोरांजवळ नाही. माझा धंदाच बोलण्याचा. उभं आयुष्य टुरिस्टांपुढं बडबड करण्यात गेलं, पण हे एवढं एक तोंडातून निघालं नाही. आज तुमच्याजवळ काढतो. मधेच अडखळलो तर दम धरा. गाईडला सरळ बोलता येत नाय, वळसा घालायची खोड असते.

मी मूळचा फर्दापूरचा. लेण्यांच्या पायथ्याशी वाढलेला माणूस गाईड नाही होणार तर काय होणार? पुढं शहरात आलो, छावणीत खोली घेतली, आणि शेजारी यूसुफ मिळाला. त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान. उन्हाळ्यात त्याला जेवायला सवड नसायची, बाकी वर्षभर माशा मारायचा. शुक्रवारची नमाज झाली की माझ्या घरी यायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, मग गप्पा. माझी आई शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होती तेव्हा तिच्या उशाशी मी कमी, यूसुफ जास्त बसला. हे आधीच सांगून ठेवतो — म्हणजे पुढं माझी कीव यायला नको.

त्याच्या घरात बापजाद्यांची म्हणावी अशी एकच दौलत होती. एक गोष्ट.

बाजारामागं एक विहीर आहे. इंग्रजांच्या काळात छावणीत दोन साहेब होते, एक पलटणीचा आणि एक बाजाराचा कारभार बघणारा. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. कुणाची बग्गी आधी वळणार, इथपासून तंटा. एका उन्हाळ्यात पाणी आटलं. पलटणीच्या साहेबानं विहिरीला जाळी बसवून कुलूप घातलं — पाणी फक्त शिपायांना आणि घोड्यांना. बाजाराचा साहेब म्हणाला, विहीर माझ्या हद्दीत आहे. बरं, मग कुलूप काढलं का? नाही. आधी कोण कुणाच्या बंगल्यावर जाणार, यावर गाडं अडलं. दोघांनी वर कागद धाडले आणि उत्तराची वाट बघत बसले. तोवर बाजारातली माणसं नाल्याचं पाणी प्याली. पटकी आली. घराघरातून माणसं गेली.

यूसुफचा पणजा, कासिम, तिथं भिश्ती होता. पखालीतून पाणी वाहायचा. बाजाराच्या साहेबानं त्याला बोलावून तोंडी सांगितलं, तोड कुलूप. त्यानं तोडलं, आणि दारोदार पाणी घातलं. पलटणीच्या साहेबानं त्याला चौकात बांधून फटके मारले. आणि ज्यानं हुकूम दिला तो साहेब? तो म्हणाला, मी असं बोललोच नाही. पुढं दोघांचा समेट झाला, एका टेबलावर जेवले म्हणे. कासिमच्या पाठीवर मात्र पुन्हा पखाल चढली नाही.

ही गोष्ट यूसुफनं मला दिली. म्हणाला, "दत्तू, तू दुनिया को सुनाता, ये भी सुना." मी ऐकवली. सुरुवातीला जशीच्या तशी — हे खरं आहे, पण त्यानं काय होतंय?

मग एकदा एक इंग्रज म्हातारा आला. सोबत त्याची बहीण. म्हाताऱ्याचा आजा इथं छावणीत साहेब होता. त्यानं पाकिटातून फोटो काढून दाखवला — मिशा, टोपी, पायाशी कुत्रं. आजा नेमक्या कुठल्या साली होता, ते त्यालाही धड माहीत नव्हतं. मी त्यांना विहिरीवर नेलं आणि सवयीनं सुरू झालो. दोन साहेब, कुलूप, पटकी. बोलता बोलता बघतो तर म्हाताऱ्याचं तोंड उतरलेलं. त्यानं हळूच विचारलं — या दोघांतला माझा आजा कुठला?

मला काय माहीत? नाही माहीत, एवढं म्हणायचं होतं. पण मला त्याचं ते तोंड बघवेना. पाहुणा आपला, एवढ्या लांबून आलेला... नाही, हे पण खोटंच. मला वाटलं, गोऱ्या माणसाला आपल्यामुळं वाईट वाटू नये. तो निघताना माझ्यावर खूश असला पाहिजे. एवढंच होतं.

आणि जीभ वळली. मी म्हणालो, नाही नाही, साहेब लोकांचा दोष नव्हता. त्यांनी तर विहीर उघडायला सांगितलं होतं. किल्ली भिश्त्याकडं होती. त्या लबाडानं दोन्हीकडून पैसे खाल्ले आणि कुलूप तसंच ठेवलं. वर मी एक फोडणी घातली — जरा थांबून, डोळा मिचकावून — की त्याच्या पखालीपेक्षा त्याचा खिसा जड होता. म्हातारा हसला. बहीणही हसली. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

एका परक्याच्या आज्याला सोडवायला मी माझ्या दोस्ताचा पणजा विकला. तेही कुणी मागितला नसताना.

एकदाच झालं असतं तर? तसं नाही झालं. त्या वाक्याला लोक हसतात, हे मला कळलं होतं. पुढच्या टोळीला तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही. गाईड एकमेकांच्या गोष्टी उचलतात — दुसऱ्यांनी उचलली. मग पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागली, त्यात आली. पाटीवरचं शहराचं नाव बदललं, माझी थाप तशीच राहिली.

यूसुफच्या कानावर गेलीच. एका शुक्रवारी तो आला तो लाल होऊन. माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "जिसने ये बात निकाली ना दत्तू, उसके घर का पानी मेरे को हराम." हे म्हणता म्हणता त्यानं माझ्या तांब्यातलं पाणी संपवलं. मी तांब्या आत नेऊन ठेवला आणि तिथंच माठापाशी उभा राहिलो. तेव्हा बाहेर येऊन बोलता आलं असतं. दोन पावलांवर होता तो.

नंतर कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं, विहिरीतला गाळ काढून तिथं पाटी लावावी. यूसुफ धावत गेला — पाटीवर माझ्या पणज्याचं नाव घाला. ते म्हणाले, पुरावा काय? त्याच्याकडं कसला पुरावा? तो म्हणाला, दत्तूला विचारा, त्याला सगळं माहीत आहे. मला बोलावलं. यूसुफ इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून माझ्या शेजारी बसला होता. अधिकाऱ्यानं विचारलं, भिश्त्यानं पैसे खाल्ले म्हणतात, ते खरं का?

खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग हे उठवलं कुणी? म्हणून मी म्हणालो, "लोक दोन्ही सांगतात, साहेब."

पाटी लागली. ब्रिटिशकालीन विहीर, एवढंच लिहिलंय. परतताना स्कूटरवर यूसुफ पुढं, मी मागं. त्यानंच माझी समजूत काढली. म्हणाला, दोन्ही सांगतात म्हणालास, एवढं तरी तू बोललास, बाकीचे तर तेवढंही बोलत नाहीत. मला त्याच्या पाठीकडं बघवेना.

यूसुफ गेला. मीही माती दिली. जायच्या आधी त्यानं त्याच्या लेकीला, नाझनीनला, माझ्या हवाली केलं — हिला तुझं काम शिकव. पोरगी लई हुशार. इंग्रजी माझ्याहून चांगलं, आवाज खणखणीत.

परवा तिनं पहिल्यांदा एकटीनं टोळी फिरवली. पुण्याकडची माणसं होती. मी मागं, कडुनिंबाखाली उभा राहिलो. विहीर आली. दोन साहेब, बग्ग्या, कुलूप — झकास सांगत होती. वाटलं, आता बापाची गोष्ट सांगेल. आता सगळं उघडं पडेल — आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. एकदाचं सुटलो असतो.

ती जरा थांबली. डोळा मिचकावला. आणि म्हणाली, त्या भिश्त्याच्या पखालीपेक्षा त्याचा खिसा जड होता.

माणसं हसली.

नंतर ती ओढणीनं घाम पुसत माझ्याकडं आली. म्हणाली, "काका, अब्बा दुसरंच सांगायचे. लहानपणी मला तेच खरं वाटायचं. मग सगळ्या गाईडांकडून हेच ऐकलं. पण तुम्हाला खरं काय ते ठाऊक असूनसुद्धा तुम्ही त्यांना कधी टोकलं नाही. त्यांचं मन राखलं. व्हय ना?"

मी व्हय म्हणालो.

तिनं तिच्या बाटलीतलं पाणी पुढं केलं. ते मी प्यालो.