विहिणीची डॅनिश खापरपणजी

आमच्या विहीणबाई अमेरिकेहून आल्या आणि आल्या-आल्या त्यांनी चहा नाकारला. पहिल्यांदा घरी आलेल्या विहिणीनं चहाला नाही म्हणायचं, म्हणजे भांडणाचीच नांदी की नाही? मी पोरीकडे बघितलं. "आई, ते मॉर्मन पंथाचे ख्रिश्चन आहेत, त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. सांगितलं होतं ना तुला!" सांगितलंही असेल. ती त्या घरात लग्न करून गेली तेव्हा मी सहा महिने तिच्याशी बोललेच नव्हते, त्या काळात सांगितलेलं माझ्या कुठं लक्षात राहणार? शेवटी संत्र्याचा रस काढून दिला. तो मात्र बाई तीन ग्लास प्यायल्या.

पोरीला पाचवा महिना होता. चोरओटी भरायला, म्हणजे गाजावाजा न करता घरातल्या घरात ओटी भरायला ती नागपूरला, नंदनवन भागात माझ्याकडे आली आणि येताना सासूला घेऊन आली. तिकडे पोरगा की पोरगी ते आधीच सांगून टाकतात. पोरगी होती. त्यांच्या घरात पहिल्या पोरीच्या नावाला जोडून दुसरं नाव एखाद्या जुन्या बाईचं द्यायची रीत आहे. विहीणबाईंनी ती जुनी बाई ठरवूनच आणली होती, नुसती नाही, पुठ्ठ्याच्या बांधणीचं तिचं चरित्र छापून आणलं होतं. बाईंची खापरपणजी, डेन्मार्कची. माझ्या नातीला त्या गोरीचं नाव! मी मनात म्हटलं, बघतेच कशी ठेवता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ते चरित्र आम्हाला वाचून दाखवण्यात आलं. माझं इंग्रजी शाळेच्या ऑफिसपुरतं. धरमपेठेतल्या एका शाळेत मी तीस वर्षं दाखल-खारीज रजिस्टर सांभाळलं. जिथं अडेल तिथं पोरगी सांगत होती.

ही खापरपणजी एकोणीस वर्षांची, डेन्मार्कच्या उत्तरेला कुठल्याशा गावात दुसऱ्याच्या गोठ्यात दूध काढायला होती. पायात लाकडाचे जोडे. गावात दोन प्रचारक आले, एका कोठारात सभा झाली, आणि ही तिथं जाऊन बसली. महिनाभरात भर थंडीत समुद्रात बुचकळून बाप्तिस्मा घेऊन मोकळी! दोन परके पुरुष येतात काय, स्वर्गाच्या गोष्टी सांगतात काय, आणि ही म्हशी सोडून निघते काय. (म्हशी नाही, गाई, असं पोरीनं मला सुधारलं.) बापानं तिची पेटी दारात काढून ठेवली. विहीणबाई इथं थांबल्या, डोळे पुसले. मी म्हटलं, "बापाचं काय चुकलं?" पोरीनं त्याचं भाषांतर केलंच नाही.

मग जहाज. जहाजात गोवराची साथ, लहान पोरं मेली, समुद्रात सोडली. मग आगगाडी, मग बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर दोन-अडीच महिने पायी. गाडीत सामान, माणसं खाली! जोडे झिजले तेव्हा बाईनं पायाला पोती गुंडाळली. आणि एवढं करून पोचली कुठं? खाऱ्या पाण्याच्या तळ्याजवळ, माळरानावर. जिथं पाणीही पिता येत नाही तिथं जायला बापाचं घर सोडलं, धन्य आहे. आणि तिथं तिचं लग्न झालं ते दोन बायका आधीच्या असलेल्या माणसाशी.

"तिसरी?" मी विचारलं.

"थर्ड," विहीणबाई अगदी सरळ म्हणाल्या.

मी हसले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. समुद्र ओलांडून सवतीवर सवत व्हायला गेली, आणि हिच्या नावानं माझ्या नातीला हाक मारायची! नऊ पोरं झाली, चार गेली. तिन्ही बायकांना मिळून एक चूल होती, हिच्या वाट्याला विणकाम. दर नाताळला तिनं बापाला पत्र लिहिलं, अकरा वर्षं. बापानं एकाचंही उत्तर दिलं नाही. मला त्या बापाबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला, कबूल करते.

वाचन संपल्यावर बाईंनी एक कापडी तक्ता जमिनीवर पसरला. वंशावळ. आमच्या जावयाची बाजू गच्च भरलेली. ती खापरपणजी तिच्या जन्मनावानिशी, अमक्याची मुलगी म्हणून, गावानिशी. तिची आई, तिची आजी, त्याही आपापल्या बापांच्या नावानं. दोन्ही सवतींचेही चौकोन. आमची बाजू? माझ्या पोरीचं नाव, आणि पुढे रिकामे चौकोन. कोरे करकरीत.

पोरगी म्हणाली, "आई, तुला ते नाव नको आहे ना? मग आजीचं दे. मी तेच ठेवते, त्यांना मी सांगीन. पण आजीचं स्वतःचं हं, लग्नातलं नाही. ते तिला आवडायचं नाही. एकदा माझी वेणी घालताना म्हणाली होती, हे काही माझं नाव नव्हे वं, हे तुझ्या आजोबांच्या घरचं आहे."

माझ्या आईचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे लग्नात पोरीचं आडनाव तर बदलतंच, पण नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, पेढे वाटायचे. झालं. वीस वर्षांची बाई नव्यानं जन्मली. ते तांदूळ मग पुन्हा डब्यात.

चार दिवसांनी ओटी होती आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान. मी म्हटलं, त्यात काय, एक फोन. आईच्या भावंडांत एकच मामा उरलेत, नरखेडजवळच्या गावात, पंच्याऐंशीच्या घरातले. फोन लावला तेव्हा ते बागेत होते, मागे पाण्याची मोटार चालू.

"मामा, आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"बाई."

"बाई नाही हो, नाव."

"आमी तिले बाईच म्हनो. मी पाळन्यात होतो तवाच तिचं लगन झालं." मग आवाज बदलला. "पन तू काहून इचारून राह्यली? वावराच्या हिश्श्याचं काही काढून राह्यली का?"

"नाही हो मामा! पोरीले पायजे, बाळाचं नाव ठेवायले."

ते हसले. "पोरीच्या जातीचं नाव का सांभाळून ठेवाचं असते वं? लगनापुरतं असते ते. मांडवातच सुटते."

फोन ठेवला. इतका संताप आला मला! मामांचा आला, आजोबांचा आला. पण त्यांना कोणत्या तोंडानं बोलू? आई जाईपर्यंत मी तिला रोज फोन करत होते. भाजी काय केली विचारलं, गुडघे कसे आहेत विचारलं, तुझं नाव काय ते विचारलं नाही. आणि शाळेत फॉर्म भरायला आलेल्या बायकांना पोराची जन्मतारीख सांगता आली नाही की मी चष्म्यावरून बघायचे, "घरात काय करता तुम्ही लोक?"

अजून दोन-तीन ठिकाणी फोन केले. आईच्या चुलतबहिणीची सून, गावातले एक म्हातारे. कुणी "अक्का" म्हणालं, कुणी "पाटलाची थोरली". शाळेत तर ती गेलीच नव्हती.

ओटीच्या दिवशी सकाळी विहीणबाई तक्ता आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसल्या. पोरीनं त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, सापडत नसेल तर लग्नातलं नाव लिहू.

"नाही," मी म्हटलं. "तो चौकोन कोराच राहू दे. दिसू दे आमचं कर्तृत्व."

बाईंनी मान हलवली. पेन एक चौकोन खाली आणलं, माझ्यावर. "अँड यू?"

पोरगी उत्तर द्यायला वळली आणि परत माझ्याकडे फिरली. मग हळूच म्हणाली, "आई, तुझं लग्नाआधीचं मलाही माहीत नाही."

तिला कसं असणार? माहेरी मी ताई, घरी आई, ऑफिसात मॅडम. आणि माझं नाव कुणी माझ्याकडून हिसकावलं नव्हतं. लग्नानंतर महिन्याभरात मी स्वतः हौसेनं अर्ज करून गॅझेटमध्ये बदलून घेतलं, तेव्हाच्या मैत्रिणींना अभिमानानं कात्रण दाखवलं. मॅट्रिकची मार्कलिस्ट कुठल्या पेटीत आहे तेही मला आता आठवत नाही. त्या गोठ्यातल्या पोरीला मी चार दिवस हसत होते. बापानं तिला घराबाहेर काढलं, तिसऱ्या नंबरावर लग्न झालं, पण नाव तिचं तिच्यापाशी राहिलं.

मी माझं नाव सांगितलं.

पोरगी माझा हात धरून बसली. विहीणबाईंनी ते अक्षर-अक्षर विचारून लिहिलं, मग मोठ्यानं म्हणून पाहिलं. चुकलं. मी म्हटलं, असं नाही, नीट म्हणा. पुन्हा चुकलं. मी पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा अगदी बरोबर म्हणाल्या, माझ्याकडे बघून, हाक मारल्यासारखं.

लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत कुणी मारली नव्हती ती हाक. मारली कुणी, तर चहा न पिणाऱ्या त्या बाईनं. मी ओ दिली.